रंगवलेली कोल्हापुरी भिजली तर या चुका टाळा

पावसाळ्यात कोल्हापुरी घालू नये हे सर्वांना ठाऊक असते आणि जूनच्या पहिल्याच सरीत ते बहुतेकांकडून विसरले जाते. तरीही भिजलेली चप्पल लगेच वाया जात नाही. अनेक जोड पाण्यापेक्षा भिजल्यानंतर घाईघाईने केलेल्या उपायांनीच अधिक बिघडतात.

आपली चप्पल नेमकी कशाची आहे, हे न पाहताच उपाय सुरू करणे ही पहिली चूक होय. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्या नावाने रेग्झिनचे जोडही सर्रास विकले जातात. चप्पल कोरडी असताना पट्ट्याच्या आतल्या, सहसा न दिसणाऱ्या भागाच्या वरच्या बाजूवर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो मुरून तिथला रंग गडद झाला, तर चामडे उघडे आहे आणि पुढील सर्व काळजी त्याला लागू आहे. थेंब तसाच राहिला, तर वर रंगद्रव्याचा लेप आहे किंवा ते चामडेच नाही.

परंपरेने हे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावले जाते. असे चामडे पाणी भराभर शोषते, त्यातले सुटे टॅनिन (साल-हिरड्यातले चामडे कमावणारे द्रव्य) व पक्का न बसलेला रंग पाण्याबरोबर सरकतो आणि ओल जिथे शेवटी वाळते त्या कडेला साचून गडद रेघ उमटते. ही रेघ पाहून लोक तेवढाच भाग घासतात, तेव्हा वरचा रंगही निघून डाग दुप्पट उठून दिसतो. घासण्याऐवजी स्वच्छ, ओलसर सुती कापडाने तो संपूर्ण पट्टा शिवणीपासून शिवणीपर्यंत हलकेच आणि सारखा ओलावावा, म्हणजे ओल्या-कोरड्याची सीमाच उरत नाही. आधीच भिजलेल्या वस्तूला पुन्हा पाणी लावणे विचित्र वाटेल, पण ताज्या डागावर हा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र उष्णतेची आहे. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले चामडे कोरडे असताना बरीच उष्णता सोसते, पण ओले असताना साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसलाच त्याचे तंतू आक्रसतात आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. म्हणून इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र, गॅसची शेगडी यांच्या जवळपासही चप्पल नेऊ नये. गच्चीवरचे ऊन इतके तापत नसले, तरी रंग विटवते आणि वरचा थर आतल्या थराआधी वाळवून तळ वाकडा करते. पाणी कापडाने टिपून घ्यावे, पट्ट्याखाली कोरा कागद किंवा जुने सुती कापड भरावे (फिकट चामड्यावर वर्तमानपत्राची शाई उतरते) आणि तळालाही वारा लागेल अशी चप्पल आडवी करून सावलीत पंख्याखाली ठेवावी. कोकणातल्या दमट हवेत दोन-तीन दिवस लागले, तरी घाई करू नये.

खिडकीच्या गंजलेल्या गजांवर चप्पल वाळत घालणे निरुपद्रवी वाटते, पण लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की निळसर-काळा रंग तयार होतो. चामडे काळे करण्यासाठी कारागीर मुद्दाम वापरत आलेली युक्ती ती हीच. पिवळसर पट्ट्यावर पडलेल्या अशा डागावर लिंबू चोळले, तर डागासोबत मूळ रंगही उतरू शकतो. साबण आणि खाण्याचा सोडाही टाळावा, कारण चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि अल्कली त्याचा रंग सोडवते.

चप्पल जवळजवळ वाळली, की तेलाचा अगदी पातळ हात कापडाने द्यावा. जास्त तेलाने फिकट रंग कायमचा काळवंडतो, चामडे नको तितके मऊ पडते आणि धूळ धरते. खोबरेल घरात असते म्हणून वापरले जाते, पण थंडीत ते गोठते. तिळाचे तेल त्यापेक्षा बरे. मेणाचे पॉलिश मात्र चप्पल पूर्ण कोरडी झाल्यावरच लावावे, नाहीतर आतली ओल अडकते आणि बुरशी येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यानेही तेच होते, त्यामुळे सुती पिशवी वापरावी. बुरशी दिसलीच तर ती घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटकावी.

कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवलेली असते आणि भिजून वाळताना ही वादी ढिली पडू शकते. अशा वेळी लोखंडी खिळा ठोकल्यास पुढच्या पावसात त्याच्याभोवती काळा डाग पडतो आणि भोकही मोठे होते. नवी वादी कारागिराकडूनच ओवून घ्यावी.