पहिल्या बैठकीला तिघंच आली तरी चालेल

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात फिटर होतो. आजारात नोकरी गेली, गोळ्यांनी झोप परत आणली, आणि माणसं परत मिळाली ती नाशिकच्या सिडकोतल्या, मानसिक आजार असलेल्यांच्या आमच्या गटात. असा गट कसा सुरू करायचा, हे बरेच जण विचारतात.

आधी जागा. दवाखाना नको, तिथे माणूस पेशंट होऊनच बसतो. देवळाचा सभामंडप नको, प्रदक्षिणा घालता घालता शेजारीण सगळं ऐकते. दाराला कडी असलेली खोली बघा. वार बुधवार सोडून ठेवा, गोदाघाटावर बाजार असतो. दहाच्या वर माणसं झाली की दोन गट करा.

इथलं बोलणं इथेच राहील, हे दर बैठकीला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही नाही. त्याहून अवघड म्हणजे सल्ला न देणं. एकदा एक मुलगी कशीबशी म्हणाली, "मला आवाज ऐकू येतात." लगेच एका काकांनी त्र्यंबकला नारायण नागबळी करायला सांगितली. पोरगी पुढच्या दोन बैठकांना फिरकलीच नाही. तेव्हापासून आम्ही फक्त स्वतःचं सांगतो. "मला झोप लागत नव्हती तेव्हा मी हे केलं" चालेल, "तू असं कर" नाही. काकांकडे चहाची किटली दिली. हात गुंतले की तोंड जरा कमी चालतं.

गोळ्यांचा डोस तर कुणी कुणाला सांगायचाच नाही. पण लक्ष ठेवायचं. मी लिथियमवर आहे, ही बायपोलरची गोळी. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की ते रक्तात वाढतं. एका मे महिन्यात हात थरथरून माझा कप बशीवर टकटक वाजायला लागला. गटातल्यांनीच डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासायला लावलं.

कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं तर विषय बदलू नका. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. एकटं घरी पाठवू नका. तिथूनच टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन लावा. मोफत आहे, रात्रीही चालतो. धोका आत्ताचाच वाटला तर सोबत बसून थेट जिल्हा रुग्णालय गाठा.

न आलेल्याला दुसऱ्या दिवशी फोन करा, पण "का नाही आलात?" नको. त्या मुलीला मी एवढंच म्हणालो, "काकांना किटलीवर बसवलंय." ती हसली.