पिल्लं सगळ्यात शेवटी

दसरा सरला, पाऊस ओसरला, की आमच्या कोकणात मोटारसायकलला टोपल्या बांधून कोंबडीची पिल्लं विकणारे फिरू लागतात. पोरं हट्ट धरतात आणि संध्याकाळी खोकंभर पिल्लं पडवीत येतात. खुराड्याचा विचार दुसऱ्या दिवशी. आमची पहिली अकरा अशीच आली होती. चौथ्या रात्री उदमांजराने नऊ मारली आणि नेलं एकच. म्हणून परसात कोंबड्या पाळायच्या असतील तर आधी रात्रीची सोय करा, पिल्लं सगळ्यात शेवटी आणा.

सुरुवातीला दहा माद्या पुरे. एका कोंबडीला आत दोन चौरस फूट जागा धरली, तर पाच फूट बाय चार फुटांचं खुराडं होतं. ते जमिनीवर ठेवू नका. जांभ्याच्या चिऱ्यांवर दीड-दोन फूट उचलून घ्या, म्हणजे ओल येत नाही आणि घूस खालून बीळ पाडत नाही. बाजारात 'कोंबडी जाळी' म्हणून जी षटकोनी, पातळ जाळी मिळते, ती कोंबडीला अडवते, शत्रूला नाही. अर्धा इंची वेल्डेड जाळीच घ्या. पैसे वाचवायचेच तर छपरावर वाचवा, जुनी कौलंही चालतात. पावसाचा मारा येतो ती बाजू मात्र पूर्ण बंद हवी. दाराला आकडा नको, कडी हवी. आत बसायला बांबूची दांडी, चार-पाच माद्यांमागे अंड्यासाठी पेंढा घातलेलं एक खोकं आणि खाली दोन-तीन इंच भाताचं तूस. तूस ओलं झालं की लगेच बदलायचं. बाहेर सावलीत राख-माती मिसळून एक खड्डा भरून ठेवा, उवा-गोचिडांसाठी कोंबड्या त्यात स्वतःच लोळतात.

जात कोणती, हा वाद पारावर संपत नाही. अंडी जास्त हवीत तर ग्रामप्रिया, अंडी आणि मटण दोन्ही हवं तर वनराज किंवा गिरिराज. पण या सुधारित माद्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. पुढची पिल्लं घरीच काढायची असतील तर दोन गावठी माद्या हव्यातच. खुडूक गावठी दहा-बारा अंडी उबवते, एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. कडकनाथ मुळात मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा. त्याला मिळणाऱ्या भावाच्या गोष्टी ऐकून पहिल्याच वर्षी त्यात पडू नका. नुसती अंडी खायची असतील तर कोंबड्याचीही गरज नाही, आणि शेजाऱ्यांची पहाटेची झोपही शाबूत राहते.

नवख्याने एक दिवसाची पिल्लं आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चार-सहा आठवड्यांची, लसी झालेली आणा. महाग पडतात, पण जगतात. तरी एक दिवसाचीच आणणार असाल तर ऊब आधी तयार ठेवा. पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. साधा तारेचा पिवळा बल्ब शोधून ठेवा, एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, चोच उघडून लांब पळाली तर उकडतंय. वीज गेली तर काय, तेही आजच ठरवा.

लसीचं गणित आधी जुळवा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की अख्खं खुराडं रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे राणीखेतच्याच लसीचा, एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्याला देवीची आणि आठव्याला राणीखेतची टोचायची लस. पंचाईत अशी की कुपीत शंभर-शंभर मात्रा असतात आणि मिसळल्यावर ती तास-दोन तासांतच संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकच दिवस धरावा आणि लस थर्मासात बर्फ घालून आणावी. पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. एकाएकी तीन-चार कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नका, ओढ्यातही टाकू नका, आधी तिथे कळवा. 2006 मध्ये नंदुरबारकडच्या नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं, ते पोल्ट्रीवाले अजून विसरलेले नाहीत.

खाण्याचं फार अवघड नाही. पिल्लांना आठेक आठवडे तयार खाद्यच द्या. नंतर मोठ्या झालेल्या कोंबड्या निम्मं पोट परसात भरतात, बाकी कण्या, कोंडा, भरडलेला मका. तिसऱ्या खाल्ल्यावर उरलेल्या शिंपल्या फेकू नका. भाजून, कुटून ठेवा, अंड्याचं कवच त्यानेच घट्ट होतं. पाण्याचं भांडं मात्र रोज घासायचं.

आणि घरात एकदा विचारून घ्या, तिन्हीसांजेला कोंबड्या मोजून कडी कोण लावणार? "सगळे मिळून" हे उत्तर धरू नका. एक नाव घ्या, आणि ते माणूस लग्नाला मुंबईला गेलं तर दुसरं कोण, तेही.