बायनरी बाहेर पाठवण्याआधी परवान्यांची तयारी

आधी मालकी पक्की करा. प्रोग्राममधली कुठली फाइल कोणी लिहिली आणि तिचा कॉपीराइट कोणाकडे आहे, हे कागदावर आणा. काही काम बाहेरून करून घेतलं असेल तर करार काढून वाचा. पैसे दिले म्हणजे हक्कही आले असं धरून चालू नका. कंपाइल केल्याने, म्हणजे सोर्स कोडपासून चालवता येणारी फाइल (बायनरी) बनवल्याने, या मालकीत काहीच बदलत नाही. जीसीसी हा कंपाइलर जीपीएलखाली (वाटप करताना सोर्सही द्यायला लावणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली) आहे, म्हणून त्यातून निघालेली बायनरीही जीपीएल झाली, ही भीती मनातून काढून टाका. जीपीएलच्या 2007 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हे स्पष्ट लिहिलं आहे: प्रोग्राम चालवून जे बाहेर पडतं, ते त्यातल्या मजकुरामुळे परवान्याच्या कक्षेत येत असेल तरच त्याला परवाना लागू होतो.

खरी मेख त्या मजकुरातच आहे. एखादं साधन स्वतःचा काही भाग तयार कोडमध्ये उतरवतं का, हे बघायला पुरेसा वेळ ठेवा. बायसन हे पार्सर, म्हणजे मजकुराची रचना ओळखणारा कोड, बनवणारं साधन घ्या. तुम्ही व्याकरणाचे नियम देता आणि तो पार्सरची सी फाइल बनवून देतो. पण त्या फाइलचा मोठा भाग म्हणजे बायसनच्या लेखकांनी लिहिलेला साचा असतो. 1.24 या आवृत्तीपूर्वी असा पार्सर फक्त मुक्त सॉफ्टवेअरमध्येच वापरता येत असे. पुढे काही पार्सरना सूट मिळाली आणि 2.2 पासून ती सगळ्यांना लागू झाली. तरीही तयार फाइल उघडून वरची टिप्पणी स्वतः वाचा. जीपीएलच्या मजकुराखाली विशेष सवलतीचा परिच्छेद असतो आणि त्यात एक अट असते: हाच साचा वापरून दुसरा पार्सर बनवणारा प्रोग्राम काढायचा असेल, तर ही सवलत नाही. अशी टिप्पणी जागच्या जागी राहू द्या. कोड साफ करण्याच्या नादात ती उडवू नका, कारण तुमचा हक्क त्या ओळींवरच उभा आहे.

मग लिंकरकडून, म्हणजे कोडचे तुकडे जोडून बायनरी बनवणाऱ्या साधनाकडून, मॅप फाइल मागून घ्या. कुठल्या लायब्ररीतून कुठला तुकडा बायनरीत आला, ते तिथे दिसतं. कंपाइलर स्वतःहून जोडतो त्या लिबजीसीसीसारख्या तुकड्यांसाठी 2009 पासून रनटाइम लायब्ररीची वेगळी सवलत आहे. मात्र कंपाइल करताना जीसीसी बनवतो ते कोडचं मधल्या टप्प्यातलं रूप बाहेर काढून, जीपीएलशी न जुळणाऱ्या साधनाकडून त्यावर काम करून घेतलं, तर ती सवलत मिळत नाही. जीलिबसी ही सी भाषेची मूळ लायब्ररी एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य रूपाखाली आहे. ती स्टॅटिक जोडली, म्हणजे बायनरीतच भरली, तर, सोर्स देणार नसाल तरी, वापरणाऱ्याला बदललेली लायब्ररी घालून पुन्हा लिंक करता यावं म्हणून निदान तुमच्या कोडच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेले, पण अजून न जोडलेले तुकडे) द्याव्या लागतात. शेअर्ड लायब्ररी म्हणून, म्हणजे वेगळ्या फाइलीत ठेवून, जोडणं सोपं पडतं, आणि माझ्या मते तेच करावं. रीडलाइन या, टाइप केलेली ओळ वाचून घेणाऱ्या लायब्ररीपाशी खास थांबा: ती एलजीपीएल नव्हे, पूर्ण जीपीएल आहे.

एमआयटी आणि बीएसडी या सैल परवान्यांचं काम थोडक्यात होतं: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर एका फाइलीत गोळा करून सोबत द्या.

जीपीएलचा भाग देणारच असाल तर नेमक्या त्याच आवृत्तीचा सोर्स आणि बिल्डच्या स्क्रिप्ट आजच बाजूला काढून ठेवा. सोर्स मागाहून देण्याची लेखी हमी निदान 3 वर्षं पाळावी लागते, आणि तेवढ्या काळात बिल्ड करणारं मशीनही बदललेलं असतं. प्रोग्राम संस्थेच्या आतच वापरणार असाल तर हे बंधन नाही. पण एजीपीएल या, नेटवर्कवरच्या वापरालाही लागू होणाऱ्या जीपीएलच्या रूपाखालचा कोड बदलून नेटवर्कवर सेवा देणार असाल, तर त्या वापरणाऱ्यांनाही सोर्स मिळण्याची सोय हवी.

शेवटच्या घडीला जीपीएलचा अनपेक्षित तुकडा सापडला तर घाबरून जाऊ नका. तुमच्या कोडची मालकी त्यामुळे दुसऱ्याकडे जात नाही; तो तुकडा काढा, त्याच्या मालकाकडून वेगळा परवाना घ्या किंवा सगळंच जीपीएलखाली द्या. बायनरी आधीच बाहेर गेली असेल तर वाटप लगेच थांबवा. तिसऱ्या आवृत्तीनुसार, त्या हक्कधारकाकडून परवान्याच्या उल्लंघनाची नोटीस पहिल्यांदाच आली असेल आणि 30 दिवसांत चूक सुधारली, तर गेलेले हक्क कायमचे परत मिळतात.