न्यू इंग्लंडातलं जुनं लाकडी घर: रंगाच्या आधी

बॉस्टनच्या आसपास जुनं लाकडी घर घेतलं की आपल्या मंडळींना बाहेरचा रंग म्हणजे दिवाळीआधीची रंगसफेदी वाटते. तसं नाही. भारीतला डबा आणला तरी खालचं लाकूड तयार नसेल तर दोन हिवाळ्यांत पोपडे सुटतात.

घर १९७८ च्या आधीचं असेल, तर जुन्या थरांत शिसं आहे असंच धरून चाला. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं त्या साली बंद झालं. तपासून घेतल्याशिवाय सँडर, म्हणजे रंग घासून काढायचं यंत्र, लावू नका. पुन्हा सांगतो, सँडर लावू नका. घासलेल्या रंगाची पूड अंगणातल्या मातीत आणि खिडकीच्या खाचेत बसते, तिथून मुलांच्या हाताला, हातावरून पोटात. शिशाने लहान मुलाच्या मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. माणूस लावणार असाल तर ईपीएचं (अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेचं) लीड-सेफ, म्हणजे शिशाचं काम सुरक्षित करण्याचं, प्रमाणपत्र आधी बघा. आपल्याकडे भाव चिकाटीने पाडतात, पण कागद मागायला संकोचतात.

स्वतः करणार असाल तर खिडक्या बंद ठेवा, भिंतीपासून १० फुटांपर्यंत जाड प्लॅस्टिक अंथरा आणि बारीक धूळ अडवणाऱ्या पी-१०० फिल्टरचा मास्क घाला. पाणी फवारत ओलं ओलंच खरवडा. सुटलेला रंग तेवढाच काढायचा. घट्ट बसलेला राहू द्या. मग उरलेल्या रंगाच्या कडेवरून नख फिरवा. अडकलं तर ओल्या सँडपेपरने ती कड उतरती करा. संध्याकाळी प्लॅस्टिक आतल्या बाजूला दुमडून उचला.

धुवायला बागेची नळी, साबण आणि ब्रश पुरे. प्रेशर वॉशरचं पाणी एकमेकींवर चढलेल्या फळ्यांच्या मागे घुसतं आणि पुढे रंगाला फोड येतात. काळ्या बुरशीला एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी. त्यात अमोनिया असलेलं काहीही कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

मग वाळू द्या. हात लावून अंदाज करू नका. लाकडातला ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर १५ टक्क्यांच्या खाली दाखवू दे. उघडं लाकूड दोन आठवड्यांच्या आत प्रायमरखाली गेलं पाहिजे, कारण उन्हाने वरचा थर मरतो आणि रंग धरत नाही. सीडर नावाच्या लाकडाच्या फळ्यांना तेलातला, डाग रोखणारा प्रायमर द्या, नाहीतर पांढऱ्या रंगातून तपकिरी ओघळ उमटतात.

कॉक, म्हणजे फटी बुजवायचं लुकण, खिडक्यांभोवती आणि उभ्या सांध्यांत भरा, रंग धरणारं. नुसत्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. फळीच्या खालच्या कडेची आडवी फट मात्र हौसेने बुजवू नका. आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं.