ट्रेलरचा एअर ब्रेक का जाम होतो?

एअर ब्रेक म्हणजे हवेने लागणारा ब्रेक, एवढं धरून चाललं की ट्रेलरपाशी गोंधळ होतो. इथे स्प्रिंग चेंबर (चाकापाशी ब्रेक लावणारा, आत जोरदार स्प्रिंग असलेला डबा) असेल तर पार्किंग ब्रेक लावते ती स्प्रिंग आणि तो सोडवते ती हवा. म्हणून हवा आणणारा लाल होस (रबरी नळी) फुटला की ट्रेलर जागीच जाम होतो.

ट्रॅक्टरकडून, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीकडून, दोन होस येतात. लाल होसमधली हवा ट्रेलरची टाकी भरते आणि स्प्रिंग दाबून ठेवते. दुसऱ्या होसमध्ये, म्हणजे निळ्या किंवा पिवळ्या सर्व्हिस होसमध्ये, पेडल दाबल्यावरच हवा येते. ती ब्रेक लावत नाही, रिले व्हॉल्व्हला (टाकीतली हवा चेंबरकडे सोडणाऱ्या झडपेला) फक्त इशारा देते. चेंबर भरते ती ट्रेलरच्याच टाकीतली हवा. होस अदलाबदल झाले तर टाकी भरत नाही आणि ब्रेक सुटत नाहीत. स्प्रिंग ब्रेक नसलेल्या जुन्या ट्रेलरचं प्रकरण जास्त वाईट: टाकी रिकामी असेल तर तो ब्रेकशिवायच गाडीच्या मागून ओढला जातो.

हवा गळत असेल तर आधी चाकांना ठोकळे लावा. गळती कधी होते, ते ऐका. पेडल दाबल्यावरच फुसफुसत असेल तर सर्व्हिस होस किंवा चेंबरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) बघा. पेडल मोकळं, पार्किंग सोडलेलं आणि रिले व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून) हवा येत असेल, तर पार्किंग ब्रेक लावून बघा. आवाज थांबला तर बहुधा स्प्रिंग चेंबरच्या दोन कप्प्यांमधलं सील गेलंय. रिले व्हॉल्व्ह उगाच बदलला जातो तो इथेच. बाकी जोडांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे जागा दाखवतात.

हवा ठीक असूनही ब्रेक कमी लागत असेल तर पुशरॉड (चेंबरमधून बाहेर सरकून ब्रेक लावणारा दांडा) किती सरकतो ते मोजा. पार्किंग सोडा, रॉडवर चेंबरच्या तोंडाशी खडूने खूण करा, कोणाला तरी ९०-१०० पीएसआयवर पेडल धरायला सांगा. टाइप ३० मापाच्या साध्या (लाँग-स्ट्रोक नसलेल्या) चेंबरमध्ये खूण २ इंचांपेक्षा जास्त सरकायला नको. ऑटो स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचा ढिलेपणा आपोआप काढणारा भाग) असताना ती जास्त सरकली तर हाताने आवळून भागवू नका. बुश, एस-कॅम (ब्रेक शू फाकवणारा एस आकाराचा दांडा) नाहीतर ॲडजस्टरच खराब असतो, आणि आवळलेलं काही दिवसांत परत ढिलं होतं.

हवेच्या टाकीत साचलेलं पाणी रोज काढा. आणि स्प्रिंग चेंबरची क्लॅम्प (डब्याचे भाग जोडणारी पट्टी) कधीच खोलू नका. आतली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.