शिकाऊ उमेदवारी स्वीकारण्यापूर्वी

आयटीआय उत्तीर्ण झाल्यावर शिकाऊ उमेदवारीसाठी आधी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करावी. 30 किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन असून त्यांचे प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के ठेवावे लागते. म्हणून केवळ मोठ्या कारखान्यांकडेच अर्ज करीत बसू नये. करारपत्रावर सही करताना व्यवसायाचे (ट्रेडचे) नाव, कालावधी आणि विद्यावेतन नीट वाचावे. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, आणि प्रशिक्षणानंतर त्याला नोकरी देण्याचे बंधन, करारात तशी अट नसेल तर, मालकावर नसते. ही बाब अनेकांना उशिरा कळते. त्यामुळे आधीच्या तुकडीतील किती जण कायम झाले, हे मुलाखतीतच विचारावे.