कुटुंबासाठी शिडाची डिंगी घेताय? या चुका टाळा

डिंगी, म्हणजे छोटी उघडी होडी, घेताना बहुतेक कुटुंबं लांबी बघतात, रंग बघतात, किंमत बघतात. वजन मात्र कुणी विचारत नाही, आणि पुढे होडी अंगणात पडून राहते ती बहुधा वजनामुळेच. पाण्यात ती बोटानं ढकलता येते. जमिनीवर तीच होडी चढावरून ओढायची असते, तेही मुलं भिजून कुडकुडत असताना.

दोन प्रसिद्ध डिंग्या शेजारी ठेवून बघा. १९६३ साली आलेली प्लायवूडची मिरर ३.३ मीटर लांब आहे. शिडं-डोलकाठी सोडून नुसती होडी साधारण ४५ किलो भरते. वेफेअरर ४.८ मीटर, आणि नुसती होडीच १७० किलोच्या घरात. वेफेअरर उत्तम आहे यात वादच नाही. चार जण ऐसपैस बसतात आणि फ्रँक डाय या ब्रिटिश दर्यावर्दीनं तर १९६३ मध्ये तिच्यातून स्कॉटलंडहून आइसलंड गाठलं. पण घरात ओढायला दोनच मोठी माणसं असतील आणि उतार मऊ वाळूचा असेल, तर मी लहान होडी घ्या असंच सांगेन. आधी होडी कुठून पाण्यात उतरवणार ती जागा बघून या, मग होडी शोधा.

दुसरी चूक म्हणजे एकट्याची होडी कुटुंबासाठी घेणं. लेझर जुन्या बाजारात सहज मिळते, ५९ किलोची आहे, वेगवान आहे. मात्र ती एका माणसानं शर्यतीत चालवायला बनवलेली आहे. मागे बसलेल्या लहान मुलाला धड टेकायलाही जागा नसते, आणि बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, डोक्याच्या अगदी जवळून फिरतो. एकदा घाबरलेलं मूल पुन्हा होडीत बसायला सहजासहजी तयार होत नाही.

विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: वारा वाढला तर मुख्य शिडाचा आकार कमी करता येतो का? शर्यतीच्या अनेक डिंग्यांमध्ये तशी सोयच नसते. कुटुंबाच्या होडीत ती हवीच.

होडी उलटेल हेही गृहीत धरा. आडवी झाल्यावर तुमच्यापैकी कुणीही एकटा ती सरळ करून पुन्हा आत चढू शकतो का, हे मुलांना न घेता, सोबतीला दुसरी होडी ठेवून तपासा. त्यासाठी पाणी डोलकाठीच्या उंचीपेक्षा खोल हवं, नाहीतर टोक चिखलात रुततं. काही डिंग्या पूर्ण पालथ्या होतात; डोलकाठीच्या टोकाला तरंगणारा फुगा बांधला की ते बरंचसं टळतं.

आता पैसे. हाताशी असलेली सगळी रक्कम होडीतच घालू नका. माझ्या मते एक तृतीयांश बाजूला राहायलाच हवी: उतरवायची ट्रॉली, होडी ठेवायची जागा, विमा, दोर, आणि प्रत्येकासाठी लाईफ जॅकेट. मुलांचं जॅकेट वजनानुसार आजच्या मापाचं घ्या. ‘वाढत्या अंगाचं’ घेतलेलं जॅकेट पाण्यात वर सरकून डोक्यातून निघू शकतं. काटकसर करायचीच असेल तर होडीच्या वयात करा.

जुनी होडी बघताना चकचकीत रंगावर जाऊ नका. फायबरग्लासची असेल तर डेकवर तळव्यानं दाब देत सगळीकडे फिरा. कुठे भुसभुशीत लागलं तर आतले थर सुटलेले असतात. प्लायवूडची असेल तर सेंटरबोर्डच्या (होडीच्या मधोमध पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) पेटीचे सांधे आणि मागची फळी बघा. काळे डाग पडले असतील आणि लाकूड नखानं दबत असेल, तर ती होडी सोडून द्या. साच्यातली प्लॅस्टिकची होडी दगडधोंडे सहन करते. पण ती जड असते आणि तडा गेला तर दुरुस्ती कठीण, कारण त्या प्लॅस्टिकला रेझिन, म्हणजे दुरुस्तीचा चिकट राळेसारखा पदार्थ, धड चिकटत नाही. शिडाच्या शिवणीवर नख ओढा. दोरा सहज तुटला तर उन्हानं तो कुजलाय, आणि नवीन शिडाचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी हवेच्या टाक्यांमध्ये, म्हणजे होडी तरंगती ठेवणाऱ्या बंद कप्प्यांमध्ये, पाणी सापडलं तर घाबरू नका. आधी बुचाचा रबरी वॉशर आणि झाकणांची सीलं बदला. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरी पाणी येत असेल तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुचाच्या भोकातून तोंडानं हलकेच हवा फुंका, आणि बुडबुडे कुठे येतात ते खडूनं खूण करून ठेवा. कॉम्प्रेसर लावू नका, जास्त दाबानं चांगले सांधेही फाटतात.

ट्रेलरवरून होडी नेत असाल तर त्याची चाकं खाऱ्या पाण्यात घालू नका. तापलेलं बेअरिंग थंड पाण्यात बुडालं की पाणी आत ओढून घेतं, आणि पुढे ते भर रस्त्यात जाम होतं. पाण्यात जायचं ते ट्रॉलीनं.